मूठ सैल सोडा: बोलिंगचा बॉल निवडताना आणि टाकताना

बोलिंग सेंटरमध्ये भाचीने रॅकवरून गुलाबी बॉल उचलला आणि माझी नजर तिच्या नखांवर गेली. पांढरीफटक पडली होती. बॉल दहा पौंडांचा, अंगठ्याचं भोक तिच्या अंगठ्याला चांगलंच सैल, आणि तो हातातून निसटू नये म्हणून ती जीव खाऊन आवळत होती. पहिला बॉल डावीकडच्या गटरमध्ये गेला, दुसरा उजवीकडच्या. "आत्या, माझा नेमच लागत नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. मी तिला म्हटलं, नेमाचं नंतर बघू, आधी तुझ्या अंगठ्याला बसेल असं भोक शोधू. दहा मिनिटं रॅक धुंडाळल्यावर बारा पौंडांचा एक सापडला. दोन पौंडांनी जड, पण अंगठा आत गेला की सगळ्या बाजूंनी हलकेच टेकत होता. त्या बॉलने तिने पहिल्याच फ्रेममध्ये, म्हणजे दोन बॉलांच्या पहिल्या पाळीत, दहापैकी सात पिना पाडल्या.

मी अकरा वर्षं लीगमध्ये खेळते आहे आणि नव्या माणसाला शिकवायची वेळ आली की दरवेळी इथूनच सुरुवात करते. हातात न बसणारा बॉल तुम्हाला आवळायला लावतो. आवळलं की मनगटापासून कोपरापर्यंतचा हात कडक होतो, मग खांदा ताठतो, आणि झोका स्वतःच्या वजनाने जायच्या ऐवजी आपण तो ओढत नेतो. ओढलेला झोका दर वेळी वेगळा. लोक पावलं बदलतात, मनगटाला पट्टे बांधतात, महागडा बॉल घेतात, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी डावखुरी आहे, पण खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी आरशात बघितल्यासारखं उलटं करून घ्यावं. मीही तसंच शिकले.

आधी अंगठा, मग वजन

हाऊस बॉलच्या, म्हणजे सेंटरने सगळ्यांसाठी ठेवलेल्या बॉलच्या, रॅकवर एक अडचण असते आणि ती कुणी सांगत नाही. हलक्या बॉलची भोकं लहान असतात, कारण ती मुलांच्या हाताला धरून पाडलेली असतात. जसजसं वजन वाढतं तसतशी भोकंही बहुतेकदा मोठी होतात. त्यामुळे जाड बोटांच्या पण नाजूक खांद्याच्या माणसाला भोक बसतं म्हणून जड बॉल घ्यावा लागतो, आणि बारीक बोटांच्या दणकट माणसाला याच्या उलट. यातून मार्ग काढायचा तर वेळ द्या. एकाच वजनाचे चार-पाच बॉल हातात घेऊन बघा, त्यांच्यातही फरक असतो.

तपासायचं असं. अंगठा पूर्ण आत घाला. तो आत सहज फिरला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. बॉल खाली लोंबकळवला तर न आवळता क्षणभर हातात राहिला पाहिजे, आणि अंगठा बाहेर काढताना फट्ट असा बाटलीच्या बुचासारखा आवाज येता कामा नये. आता अंगठा तसाच ठेवून मधलं बोट आणि अनामिका भोकांवर नुसती पसरा. हाऊस बॉलमध्ये बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत जातात, म्हणून दुसऱ्या सांध्याची घडी भोकाच्या आतल्या कडेच्या साधारण पाव इंच पुढे पडायला हवी. घडी तिथपर्यंत पोचतच नसेल तर अंतर जास्त आहे, हात ताणला जाणार. खूप पुढे गेली तर अंतर कमी, मग बॉल हातातून सांडू नये म्हणून पुन्हा आवळणं आलंच. बोटं आत घातल्यावर तळहात आणि बॉल यांच्यामधून एक पेन्सिल जेमतेम सरकली की समजा जमलं.

वजनाबद्दल शरीराच्या वजनाच्या दहा टक्के असा एक ठोकताळा सांगतात. सुरुवात म्हणून ठीक आहे, पण मी त्यावर फार विसंबत नाही. नियमाप्रमाणे बॉल जास्तीत जास्त 16 पौंडांचा असू शकतो, आणि तरण्या मुलांना तोच हवा असतो. माझी कसोटी साधी आहे: तिसऱ्या गेमच्या शेवटच्या फ्रेममध्येही तुमचा वेग पहिल्या फ्रेमइतका आहे का? फाउल लाइन, म्हणजे जिच्यापुढे पाय न्यायचा नाही ती रेघ, तिथपासून पहिल्या पिनपर्यंत 60 फूट असतात. एखाद्याला फोनवर वेळ मोजायला सांगा. बॉल खाली ठेवल्यापासून पिनला लागेपर्यंत साधारण 2.3 ते 2.5 सेकंद लागले तर वेग चांगला आहे. तिसऱ्या गेममध्ये तो आकडा 2.8 वर गेला, किंवा झोक्याच्या वेळी उजवा खांदा खाली ओढला जायला लागला, तर एक पौंड कमी करा. त्यात कमीपणा काही नाही.

फार हलकंही नको, त्याला कारण आहे. एक पिन साडेतीन पौंडांच्या आसपास असते. आठ पौंडांचा बॉल पहिल्या पिनवर आदळला की तोच बाजूला फेकला जातो आणि मागच्या पिना उभ्या राहतात. जड बॉल आपली वाट धरून आत घुसतो.

स्वतःचा बॉल घेताना

महिन्यातून दोन-तीन वेळा खेळायला लागलात की स्वतःचा बॉल घ्या. बॉल कुठला यापेक्षा त्याची भोकं तुमच्या हाताच्या मापाने पाडून घेतलेली असणं जास्त महत्त्वाचं आहे. नीट माप घेतलेला 14 पौंडांचा बॉल हातात सैल हाऊस बॉलच्या 12 पौंडांपेक्षा हलका वाटतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

त्याच्या उलटही अनुभवलंय. माझ्या पहिल्या बॉलची भोकं ज्यांनी पाडून दिली त्यांनी घाईत माप घेतलं. अंगठा आणि बोटांमधलं अंतर जास्त पडलं. मला वाटलं, नवा बॉल आहे, हाताला सवय होईल. तीन आठवड्यांत अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलली, मग तिथे घट्टा पडला, आणि बॉल सोडताना अंगठा अडकायला लागला. मी तंत्र सुधारायच्या मागे लागले. चार महिने गेले. शेवटी एका जुन्या खेळाडूने माझा हात उलटा करून बघितला आणि बॉल न बघताच म्हणाला, "ताई, अंतर मोठं आहे." भोकं बुजवून नव्याने पाडली आणि आठवड्याभरात अंगठा मोकळा सुटायला लागला. तेव्हापासून मी माझ्या विद्यार्थ्यांचे हात आधी वाचते. अंगठ्याच्या मागच्या बाजूला, सांध्यावर घट्टा असेल तर भोक मोठं आहे आणि तुम्ही आत अंगठा वाकवून धरताय. मुळाशी कातडी सोलली असेल तर अंतराकडे बघा. चांगल्या मापाने पाडलेला बॉल घट्टे पाडत नाही.

माप द्यायला जाताना हात नेहमीच्या अवस्थेत असू द्या. खेळता खेळता अंगठा सुजतो, म्हणून भोक किंचित मोठं पाडून आत टेपच्या दोन-तीन पट्ट्या लावायची पद्धत आहे. अंगठा फुगला की एक पट्टी काढा, थंडीत आकसला की एक वाढवा. माझ्या पिशवीत टेप आणि छोटा चिमटा कायम असतो.

बोटांसाठी दोन पद्धती आहेत. हाऊस बॉलसारखी दुसऱ्या पेरापर्यंत, किंवा फक्त पहिल्या पेरापर्यंत, जिला फिंगरटिप म्हणतात. फिंगरटिपमध्ये अंगठा आधी सुटतो आणि बोटं क्षणभर जास्त राहतात, म्हणून बॉलला फिरकी जास्त मिळते. बॉल वळवायचा विचार असेल तर थेट फिंगरटिपच घ्या. पहिले दोन आठवडे विचित्र वाटेल.

आता बॉल कशाचा आहे ते. लेन, म्हणजे बॉल धावतो ती पट्टी, नुसतं लाकूड किंवा प्लास्टिक नसते, तिच्यावर तेल असतं. साधारण पहिल्या 40 फुटांपर्यंत तेल, पुढे कोरडं. रोजच्या खेळाच्या लेनवर मधोमध जाड थर आणि दोन्ही कडांना पातळ. बॉल तेलावर घसरतो, कोरड्यावर आला की वळतो, आणि शेवटी लोळत पिनांमध्ये शिरतो. कुठला बॉल हे तिन्ही टप्पे कसे पार करतो, ते मुख्यतः त्याच्या वरच्या कवचावर ठरतं.

प्लास्टिक म्हणजे पॉलिएस्टरचं कवच गुळगुळीत, तेल न पिणारं. तो जवळपास सरळ जातो. युरेथेन 1980 च्या दशकात आलं. ते लवकर पकड घेतं आणि एकसारखा गोलसर वळतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन आलं आणि खेळच बदलला. त्याच्या कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात, ते तेल शोषतं आणि कोरड्या भागात आल्यावर जोरात वळतं. आतला गाभा, म्हणजे कोर, हा पुढचा विषय. पहिल्या बॉलसाठी दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणजे सिमेट्रिक कोर पुरे. दुकानात ज्याचा हुक, म्हणजे वळण, सगळ्यात मोठा तो बॉल तुमच्यापुढे ठेवला जाईल. घेऊ नका. ज्याला अजून एकाच ठिकाणी दोनदा बॉल ठेवता येत नाही, त्याच्यासाठी मोठा हुक म्हणजे मोठी चूक. मध्यम ताकदीचा रिअ‍ॅक्टिव्ह घ्या, आणि जमलं की सहा महिन्यांनी स्पेअरसाठी, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने पाडण्यासाठी, एक प्लास्टिक. दोन्हींचं माप हुबेहूब एकच ठेवा.

जुना बॉल विकत घेत असाल तर त्यात एखादं जादा भोक आहे का बघा. पूर्वी तोल साधायला असं भोक पाडत. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस या अमेरिकेतल्या नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार 1 ऑगस्ट 2020 पासून ते चालत नाही. बॉल टाकताना बोट किंवा अंगठा नसलेलं भोक असता कामा नये. असं भोक बुजवून घ्यावं लागतं. दोन हातांनी, अंगठा न घालता खेळणाऱ्यांनाही हे लागू आहे. माझी भाची आता जेसन बेलमॉन्टेसारखं दोन हातांनी खेळायचं म्हणते. त्याने त्या पद्धतीने व्यावसायिक स्पर्धांमधली 15 मोठी विजेतेपदं मिळवली आहेत, तेव्हा मी कशाला अडवू? फक्त अंगठ्याचं भोक बुजवायला सांगितलं.

रिअ‍ॅक्टिव्ह बॉल घेतलात तर त्याची निगा राखा. दर वेळी टाकण्याआधी मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसा, आणि खेळ संपल्याबरोबर, बॉल गरम असतानाच, बॉल क्लीनरने स्वच्छ करा. उशीर केला तर तेल आत मुरतं. उन्हात बंद गाडीत बॉल ठेवू नका, तडा जातो.

पुसताना नुसतं पुसू नका, बघा. परत आलेल्या बॉलवर तेलाच्या बारीक गोल रेघा असतात, बांगड्या एकमेकींवर तिरप्या ठेवल्यासारख्या. त्या अंगठ्याच्या किंवा बोटांच्या भोकांवरून जात असतील तर बॉल लेनवर टकटक आवाज करत जातो आणि पकड हरवतो. भोकं पाडणाऱ्याला त्या रेघा दाखवा. सोडण्याची पद्धत बदलायची की भोकांची जागा, हे त्यावरून ठरतं.

झोका

चार पावलांची चाल शिका, ती सगळ्यात सरळ आहे. उभं राहताना बॉलचं वजन डाव्या हातावर असू द्या, उजवा हात फक्त भोकांत. पहिलं पाऊल उजवं, त्याच वेळी बॉल समोर ढकलायचा. ढकलायचा म्हणजे कुणाला तरी हातात द्यावा तसा पुढे करायचा. दुसरं पाऊल डावं, बॉल आपोआप खाली येऊन पायाशेजारून जातो. तिसरं उजवं, बॉल मागे सगळ्यात वर. चौथं डावं, ते टाकत नाही, सरकवतो, आणि सरकत असतानाच बॉल घोट्याजवळून सुटतो. पाच पावलं घेणारे आधी एक डावं पाऊल नुसतंच टाकतात, बाकी सगळं हेच.

पहिल्या पावलाला बॉल पुढे गेला नाही, तर पुढचं काहीच वेळेवर होत नाही. पाय लाइनवर पोचतात आणि हात अजून मागे असतो, मग आपण बॉल हिसकून पुढे आणतो. तुमचा बॉल सारखा डावीकडे ओढला जात असेल तर आधी हे पहिलं पाऊल तपासा.

झोक्यात आपण काही करायचं नाही. विहिरीवरच्या दोरीला बांधलेली बादली कशी झुलते, तसा हात. भाचीला मी पंधरा मिनिटं नुसतं एका जागी उभं करून बॉल झुलवायला लावला. एक हात तिच्या दंडावर ठेवला. दंड मऊ असेल तर झोका खरा, दंडाचा गोळा टणक झाला की ती बॉल उचलतेय. तुम्हीही कुणाला तरी तुमच्या दंडावर हात ठेवायला सांगा. मग एका पावलाचा सराव: डावा पाय पुढे, गुडघा वाकलेला, बॉल दोनदा झुलवायचा आणि तिसऱ्या झोक्याला पाय सरकवत सोडायचा. पिना किती पडल्या ते बघायचंही नाही.

सोडताना काय होतं ते नीट समजून घ्या. हात बॉलच्या मागे आणि खाली असतो. झोका तळाशी येतो तेव्हा अंगठा आधी बाहेर निघतो. मग डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर सगळं वजन दोन बोटांवर येतं. तो क्षण हाताला कळतो, बोटांच्या टोकांना ओढ जाणवते. त्या क्षणी बोटं घड्याळात सहावर असतील तर चारकडे वळतात, आणि हात पुढे जाऊन हस्तांदोलन करावं तसा थांबतो. बस, एवढाच हुक. मुद्दाम मनगट फिरवलं तर हात बॉलच्या डोक्यावर जातो आणि बॉल भोवऱ्यासारखा जागीच गरगरतो, आत घुसायची ताकद राहत नाही. कान उघडे ठेवा. बॉल फाउल लाइनच्या थोडा पुढे सर्र करत उतरला पाहिजे. धप्प आवाज आला तर अंगठा उशिरा सुटला. मग पुन्हा टेप, पुन्हा भोक, पुन्हा मूठ.

नजर पिनांवर नको. लेनवर फाउल लाइनच्या पुढे साधारण 12 ते 16 फुटांवर सात बाण असतात, दर पाच फळ्यांवर एक. लेन 39 फळ्यांची असते. उजवीकडून दुसरा बाण दहाव्या फळीवर येतो, तिथून सुरुवात करा. बॉल बाणावरून जाईपर्यंत मान वर करू नका. 60 फुटांवरच्या वस्तूवर नेम धरण्यापेक्षा पंधरा फुटांवरच्या खुणेवर धरणं केव्हाही सोपं.

बॉल वळवायचा कशासाठी

पिना त्रिकोणात उभ्या असतात: सगळ्यात पुढची पहिली, मग मागच्या ओळी डावीकडून उजवीकडे मोजायच्या. स्ट्राइकसाठी, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिना पाडण्यासाठी, बॉल पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधल्या खाचेत जायला हवा. तिथे नीट शिरला तर तो स्वतः फक्त चार पिनांना शिवतो: 1, 3, 5 आणि 9. बाकी काम पिनाच करतात. पहिली दुसरीला पाडते, दुसरी चौथीला, चौथी सातवीला. तिसरी सहावीला, सहावी दहावीला. पाचवी आठवीला. ही साखळी जुळायला बॉल साधारण 6 अंशांच्या कोनात आत शिरावा लागतो. अगदी उजव्या काठावरून सरळ टाकला तरी कोन जेमतेम दीड अंशाचा होतो. हुकची गरज एवढ्यासाठीच आहे, दिखाव्यासाठी नाही.

बॉल चुकला तर जिकडे चुकला तिकडे पाय सरकवा. खाच सोडून डावीकडे गेला तर डावीकडे दोन फळ्या, बाण तोच. उजवीकडे राहिला तर उजवीकडे. हा एक नियम डावखुऱ्यांनाही जसाच्या तसा लागू पडतो. खेळता खेळता तेल उडत जातं, बॉल लवकर वळायला लागतो, आणि मग दर दोन-तीन फ्रेमांनी थोडं सरकावं लागतं. आम्हा डावखुऱ्यांच्या बाजूला खेळणारे कमी, म्हणून आमच्याकडचं तेल जास्त टिकतं.

स्पेअर, म्हणजे खरा स्कोअर

गेमच्या दहाही फ्रेममध्ये नऊ पिना पाडल्या आणि एकही स्पेअर केला नाही, तर स्कोअर 90. तेवढेच नऊ पाडून दर वेळी उरलेली एक पिन उचलली, तर 190, कारण स्पेअरच्या दहात पुढच्या बॉलच्या पिनाही मिळवतात. एकही स्ट्राइक नाही आणि शंभरचा फरक. हे गणित मी प्रत्येकाला कागदावर मांडायला लावते, कारण ऐकून पटत नाही.

डावीकडच्या पिनांसाठी स्ट्राइकची जागा आणि बाण कायम ठेवून पाय उजवीकडे न्या. दुसरी पिन उरली तर तीन फळ्या, चौथी उरली तर सहा, सातवी उरली तर नऊ. उजव्या कोपऱ्यातली दहावी मात्र वेगळी. ती प्लास्टिकच्या बॉलनेच घ्या. उभं राहायचं अगदी डावीकडे, बॉल लेनच्या मधोमध, तिसऱ्या-चौथ्या बाणाच्या मधून तिरपा सरळ. मनगट वळवायचं नाही, तळहात पिनकडे. वळणारा बॉल कोरड्यावर आल्यावर त्या कोपऱ्यापासून दूर पळतो, म्हणून स्ट्राइकचा बॉल तिथे वापरण्याचा हट्ट सोडा.

माझ्यासाठी तो कोपरा सातव्या पिनचा. दर बुधवारी खेळ सुरू व्हायच्या आधी मी तीस बॉल फक्त तिच्यावर टाकते, बाकीच्या नऊ पिना उभ्या असताना. सातवी एकटी पडली तरच बरोबर मोजायचं. परवा भाची शेजारच्या लेनवर आली आणि विचारलं, "आत्या, आज तुझे किती?" बावीस. तिचे दहावीवर अकरा झाले. मी तिचा हात पालथा करून बघितला. नखं गुलाबी होती. पुढच्या बुधवारी ती अर्धा तास आधी येणार आहे.